गिअरचा झटका कुठून येतो?

मोटारसायकल शिकवताना बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: क्लच हळू सोड. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. गिअर बदलताना मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं, त्याचं कारण डाव्या हातापेक्षा उजव्या मनगटात असतं. प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं प्रमाण ठरलेलं असतं. समजा, दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेतंय. त्याच वेगाला तिसऱ्यात ३,०००च्या आसपास पुरतात. क्लच दाबताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर फेरे क्षणात तेवढे उतरतात आणि जोड अलगद बसतो. तो पिळलेलाच राहिला तर इंजिन ओरडतं आणि क्लच सुटताच गाडी उसळते. गिअर उतरवताना हिशेब उलटा होतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर फेरे वाढायला हवेत, म्हणून क्लच दाबलेला असतानाच किंचित रेस द्यावी लागते. वेग कमी करायचाय आणि रेस कसली, असं नवशिक्याला वाटतं; पण क्लच दाबलेला असताना ती रेस चाकापर्यंत पोचतच नाही.

यावर कुणी म्हणेल, क्लच सावकाश सोडला की हा फरक आपोआप मिटतो. मिटतो खरा, पण क्लचप्लेटा एकमेकींवर घासून. गाडी जागेवरून हलवताना हे घासणं अटळच असतं. दर गिअरला तेच करत राहिलं, की प्लेटा तापतात आणि लवकर झिजतात. नव्या महागड्या गाड्यांत स्लिपर क्लच असतो, पण तो गिअर उतरवतानाचा धक्काच सौम्य करतो. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, बहुतेक गाड्यांत पहिला खाली नि बाकीचे वर, जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाशी. पायाची सवय बदलते, मनगटाचं काम तेच राहतं.

सिग्नलला गाडी तिसऱ्यातच थांबवून मग लिव्हरवर लाथा मारणारे रोज दिसतात. गिअरबॉक्समध्ये एका गिअरचे दात शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरावे लागतात. सगळं थांबलेलं असताना दातासमोर दात आला तर शिरणार कुठे? अशा वेळी गाडी थोडी मागेपुढे हलवावी, किंवा क्लच जरासा सोडून पुन्हा दाबावा. त्याहून बरं म्हणजे थांबत येतानाच एकेक गिअर उतरवावा.

हे कौशल्य निव्वळ आरामाचं नाही. झटक्याच्या धास्तीने अनेक जण गिअर उतरवणंच टाळतात आणि घाटात क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडतात. मग इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेला ब्रेक ऐन वळणावर कमी पडू शकतो. पेट्रोल वाचतं हा समजही आता टिकत नाही: फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरत असतील, तर इंजिनाला पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. म्हणून आधी मोकळ्या मैदानावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचा सराव करा, आणि घाट सुरू होण्याआधीच गिअर उतरवून घ्या.