पडद्यावरचा पट आणि खरा पट

दिवाळीच्या सुट्टीत मी निगडीला मामाकडे गेले होते. भक्ती-शक्ती चौकापासून त्याचे घर पाच मिनिटांवर आहे. मामा चाकणला कंपनीत जातो. रात्रपाळी नसली की आम्ही बुद्धिबळ खेळतो. त्याची चार प्यादी हरवली आहेत, म्हणून तिथे भंगारातले नट मांडतो. आजीला हा खेळ मुळीच आवडत नाही. ती म्हणते, "घर बुडवायची लक्षणं ही!"

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही, असे 'शतरंज के खिलाडी' हा सिनेमा पाहून मला वाटले. तो सत्यजित राय यांनी १९७७ साली काढला. मूळ गोष्ट प्रेमचंदांची. १८५६ साली इंग्रज लखनौचे राज्य गिळत असतात आणि मिर्झा व मीर हे दोन जहागीरदार पटावरून हलत नाहीत. मिर्झाची बेगम मोहरे लपवते, तर हे भाजी मांडून खेळतात! (आम्ही नट मांडतो, तसेच.) गोष्टीत शेवटी दोघे डावावरून भांडून तलवारीने एकमेकांना मारतात. सिनेमात मात्र ते जिवंत राहतात आणि पुन्हा डाव मांडतात. मला सिनेमाचाच शेवट जास्त वाईट वाटला. इतके होऊन त्यांना काहीच कळले नाही.

मालिकांत मात्र गंमतच असते. नायक झटकन घोडा उचलतो, आपटतो, "शह आणि मात!" समोरच्याला घाम फुटतो. चांगल्या खेळाडूंच्या डावात असे क्वचितच घडते. मात दिसू लागली की हरणारा आधीच हात पुढे करतो. कधी कधी तर पटच आडवा मांडलेला असतो. प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर पाहिजे. टीव्हीवर पट दिसला की आधी तो कोपरा बघा.

२०२० साली 'द क्वीन्स गॅम्बिट' ही मालिका आली. त्यातली बेथ ही मुलगी काल्पनिक आहे. पण जॉर्जियाच्या खऱ्या जगज्जेत्या नोना गाप्रिंदाश्विली पुरुषांशी कधी खेळल्याच नाहीत, असे एक वाक्य त्यात होते. त्या तर कितीतरी पुरुषांशी खेळल्या होत्या! त्यांनी २०२१ साली दावा लावला. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला.

बेथसारखी गोष्ट आपल्याकडे खरीच घडली आहे. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी, बायकांना अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. १९८१ साली त्या आशियाई विजेत्या झाल्या. वासंती आणि जयश्री या त्यांच्या बहिणीही मोठ्या खेळाडू. तिघींवर मालिका निघाली तर मी एकही भाग चुकवणार नाही. २०२५ साली तर नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला.

हे सगळे मी आजीला सांगितले. ती म्हणाली, "मग त्या मुलींच्या बापांनी काय म्हटलं असेल?"

बाईंनी तालुक्याच्या स्पर्धेसाठी माझे नाव घातले आहे. बाबांची सही अजून झालेली नाही. शनिवारी पालकसभेला ते येतील, तेव्हा हा लेख वाचतीलच. संमतीपत्र माझ्या दप्तरात आहे आणि पेन बाईंच्या टेबलावर आहे.

— इयत्ता सातवी