पोहोचल्यानंतरचे फोटो कुठे आहेत?

10 सप्टेंबर 2015. जर्मनीच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल बर्लिनच्या श्पांडाऊ भागातल्या निर्वासित केंद्रात आल्या होत्या. सीरियातून आलेल्या एका तरुणाने त्यांच्यासोबत सेल्फी काढला आणि वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांनी सेल्फी काढणाऱ्या त्या दोघांना टिपलं. फोटो जगभर झळकला. कुणाला त्यात जर्मनीचं मोठं मन दिसलं, कुणाला दारात आलेलं संकट. पुढे ब्रसेल्स आणि बर्लिनमध्ये दहशतवादी हल्ले झाले, तेव्हा 'हाच तो हल्लेखोर' म्हणून तोच फोटो समाजमाध्यमांवर फिरला. आरोप धादांत खोटा होता. तरुणाने फेसबुकविरुद्ध व्युर्झबुर्गच्या न्यायालयात दाद मागितली. 2017 मध्ये ती फेटाळली गेली.

फोटो खरा असूनही माणसाची अशी बदनामी होऊ शकते, कारण फोटोखालची ओळ कुणीही बदलू शकतं. 2016 मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमताआधी युकिप पक्षाने लावलेल्या 'ब्रेकिंग पॉइंट' या फलकावर निर्वासितांची लांबलचक रांग होती. ती रांग स्लोव्हेनियातली होती, ब्रिटनच्या सीमेवरची नव्हे.

गर्दीच्या फोटोत लेन्सचाही हात असतो. टेलिफोटो लेन्सने दुरून टिपलं की मागची माणसं पुढच्यांना खेटून चालल्यासारखी दिसतात; सुटी-सुटी रांगही लोंढा वाटू लागते. संशोधक रोलँड ब्लायकर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवरच्या निर्वासितांच्या फोटोंचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात घोळके आणि बोटीच जास्त आढळल्या. ओळखू येईल असा एकट्या माणसाचा चेहरा अगदी क्वचित. काही वेळा चेहरा झाकणं गरजेचंच असतं, मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवाला धोका असतो. पण दरवेळी हे कारण नसतं.

खरी अडचण बातमीच्या सवयीत आहे. येण्याचा दिवस ही बातमी. भाषेचा वर्ग, भाड्याची खोली, पहिली नोकरी, मुलांची शाळा यांना पहिल्या पानावर जागा नाही. सेल्फीवाला तो तरुण जर्मन शिकला, पुढे जर्मन नागरिक झाला. तरी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आजही 2015 चाच तो आहे.

म्हणून संपादकांनी फोटोसोबत ठिकाण आणि तारीख नेमकी छापावी, माणसाची संमती घ्यावी आणि दोन-तीन वर्षांनी छायाचित्रकाराला पुन्हा त्याच वस्तीत पाठवावं. निर्वासित ज्यांच्या शेजारी राहायला येतात, त्यांचं मत याच फोटोंवरून बनतं आणि मतदानातही उतरतं. त्यांना आपला शेजारी पूर्ण दाखवणं हे वृत्तपत्राचं कर्तव्यच आहे.