विमान सुटायला वेळ आहे

सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ सुरू झाला तो गाईंच्या कुरणात. शहराच्या दक्षिणेला खाडीकाठी मिल्स कुटुंबाची जमीन होती. त्यातली १५० एकर भाड्याने घेऊन मे १९२७ मध्ये शहराने तिथे ‘मिल्स फील्ड’ उभारलं. जमीन भुसभुशीत होती. १९२९ मध्ये तर अटलांटिक एकट्याने पार करणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचंच विमान तिथल्या चिखलात रुतलं आणि नव्या विमानतळाची पुरती शोभा झाली.

आज याच विमानतळाचं स्वतःचं संग्रहालय आहे. विमानतळ आयोगाने १९८० मध्ये ते स्थापन केलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता त्याला मिळाली. विमानतळावरच्या संग्रहालयाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याला एकच एक इमारत नाही. वेगवेगळ्या टर्मिनलांत काचेची कपाटं मांडलेली असतात आणि त्यांतली प्रदर्शनं बदलत राहतात. कधी टाइपरायटर, कधी जपानी खेळणी, कधी छायाचित्रं.

इथला प्रेक्षक म्युझियम बघायला घराबाहेर पडलेला नसतो. एका हातात बोर्डिंग पास, दुसऱ्या हातात बॅग आणि लक्ष गेट नंबरकडे. त्याला थांबवायचं तर वस्तू चालता चालता डोळ्यांत भरली पाहिजे आणि माहिती चार ओळींत संपली पाहिजे. ज्याचं विमान लेट आहे, त्याच्यासाठी मात्र कपाटात आणखी बरंच काही ठेवायला हवं.

विमानवाहतुकीचा इतिहास आंतरराष्ट्रीय टर्मिनलमधल्या लुई टर्पेन एव्हिएशन म्युझियममध्ये आहे. त्याचं दालन १९३७ च्या प्रवासी टर्मिनलच्या प्रतीक्षागृहासारखं बांधलेलं आहे आणि सोबत ग्रंथालयही आहे. अशा संग्रहाची गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी वस्तू मुळात जपण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. वेळापत्रकं, जेवणाची मेन्यूकार्डं, सामानाला चिकटवायची लेबलं, कपबशा. प्रवास संपला की टाकून द्यायच्या या वस्तू. पण कोणतं विमान कुठे थांबे घेत जाई, आत जेवायला काय मिळे, हे सांगतात त्याच.

गणवेशांचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये या संग्रहालयाने विमान कंपन्यांच्या गणवेशांवर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. हा इतिहास सॅन फ्रान्सिस्कोशी जवळचा आहे. एलन चर्च ही परिचारिका विमान चालवायला शिकलेली होती. बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या इथल्या कार्यालयात तिने नोकरी मागितली. वैमानिक म्हणून तिला कोणी घेणार नव्हतं. मग विमानात परिचारिका ठेवण्याची कल्पना तिने गळी उतरवली. १५ मे १९३० रोजी ती ऑकलंडहून शिकागोला निघाली आणि जगातली पहिली हवाईसुंदरी ठरली. घाबरलेल्या, उलट्या होणाऱ्या प्रवाशांना धीर द्यायचा, हे तिचं काम. आता १९६५ मध्ये ब्रॅनिफ विमान कंपनीसाठी एमिलिओ पुच्ची या इटालियन डिझायनरने केलेले कपडे पाहा: भडक रंग, आणि पावसात केस विस्कटू नयेत म्हणून डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट! पस्तीस वर्षांत कंपन्यांचा माल बदलला. आधी विकायचा होता भरवसा, मग विकला जाऊ लागला रुबाब. दोन गणवेश शेजारी ठेवले की हे न सांगता कळतं.

आपल्याकडे मुंबईत २०१४ मध्ये विमानतळाचं टी-टू टर्मिनल सुरू झालं तेव्हा राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून ‘जय हे’ हा कलासंग्रह आत साकारला. सुमारे तीन किलोमीटरची भिंत, पाच हजारांहून अधिक कलावस्तू. देशभरातल्या कारागिरीचा एवढा ऐवज एका छताखाली क्वचितच दिसतो. पण या भिंतीचा मुख्य विषय विमान नाही. खरं तर तो विषय मुंबईचाच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूला. पुढे त्याच टपालसेवेतून वाढलेल्या एअर इंडियाने हुसेन, गायतोंडे, बी. प्रभा यांची चित्रं घेतली. १९६७ मध्ये तर स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून पहिल्या वर्गाच्या निवडक प्रवाशांना भेट देण्यासाठी ॲशट्रे करून घेतला. त्यावरचा हंस उलटा धरला की हत्तीचं डोकं होतो. मोबदला म्हणून दालीने मागितलं हत्तीचं पिल्लू, आणि कंपनीने ते विमानाने पाठवलंही!

म्हणजे कला आणि विमान यांची गाठ मुंबईत केव्हाच पडली होती. चित्रं आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. पण वेळापत्रकं, बॅगा, महाराजाची पोस्टरं एअर इंडियातून निवृत्त झालेल्यांच्या घरी, कालिन्यात नि पार्ल्यात, अजूनही माळ्यावर असू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जाऊ नयेत. जुहूचा इतिहास मांडायला उद्या कोणी बसलं, तर सुरुवात त्यांच्यापासूनच होईल.

आणि मुलांकडे कॅलिफोर्नियात जाणाऱ्या आई-बाबांसाठी एक सूचना: टर्पेन म्युझियम सिक्युरिटीच्या अलीकडे आहे आणि प्रवेश मोफत. सोडायला आलेल्या लेकाला आणि सुनेलाही बरोबर न्या.