गोठा बदलला की दगडीचा जंतूही बदलतो!

कास टणक आणि गरम होते, धारेत गाठी येतात, गाय हात लावू देत नाही. पशुपालक याला दगडी म्हणतात, डॉक्टर कासदाह. कुरणावरची गाय असो, बंदिस्त गोठ्यातली असो की सेंद्रिय फार्मवरची, हा आजार कुणालाच चुकलेला नाही. मात्र गाय कशी पाळली जाते, त्यावर त्याचं रूप ठरतं.

एक कास, चार बिऱ्हाडं
एकाच वाड्यात चार कुटुंबं वेगवेगळ्या चुली मांडून राहावीत, तशी गाईची कास असते. चारही कप्पे स्वतंत्र. एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणून एक सड आजारी असताना उरलेले तीन ठणठणीत असू शकतात.

हिरव्या कुरणातही सुटका नाही
न्यूझीलंडमध्ये बहुतेक गाई वर्षभर उघड्या कुरणावर चरतात. तरीही तिथे स्ट्रेप्टोकोकस युबेरिस हा जंतू भारी पडतो. शेण आणि चिखलातून तो सडापर्यंत पोचतो आणि विण्याच्या सुमारास, विशेषतः पहिलारू कालवडींना, जास्त गाठतो.

अंथरूण बघून जंतू
गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते, त्यामुळे कासेखाली काय आहे याला फार महत्त्व. ओल्या लाकडी भुशात क्लेबसिएला हा जंतू फोफावतो. स्वच्छ वाळूत जंतूंना खायला काही मिळत नाही, म्हणून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या गोठ्यांत गाईंना वाळूचं अंथरूण असतं.

हातातून पसरणारी दगडी
स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू एका गाईकडून दुसरीकडे जातो तो मुख्यतः धारेच्या वेळी: काढणाऱ्याच्या हातातून, यंत्राच्या कपातून, सगळ्यांची कास पुसणाऱ्या एकाच फडक्यातून. म्हणून प्रत्येक गाईला वेगळं फडकं हवं आणि आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढायची.

म्हशीचं बळ
म्हशीच्या सडाच्या तोंडाचा स्नायू गाईपेक्षा घट्ट असतो. धार काढायला जोर लागतो खरा, पण जंतूंनाही आत शिरणं अवघड जातं.

शेपटी निर्दोष सुटली
शेपटीने शेण उडतं आणि कास घाण होते, या समजुतीने काही देशांत गाईंच्या शेपट्या छाटल्या जात. संशोधनात कासेच्या आरोग्याला त्याचा काही फायदा दिसला नाही. न्यूझीलंडने 2018मध्ये ही छाटणी बंद केली. माश्या हाकलायचं गाईचं साधन तिच्याकडे राहिलं, हे फार चांगलं झालं.

विजेला कळणारं दूध
कास सुजली की दुधातलं सोडियम आणि क्लोराइड वाढतं. दूध खारट होतं आणि त्यातून वीज अधिक सहज वाहते. धार काढणारे रोबो 1992मध्ये नेदरलँड्समध्ये कामाला लागले. आजचे रोबो हीच विद्युतवाहकता सडागणिक मोजून बिघाड लवकर सांगतात.

रोबो नाही? धुण्याची पावडर आहे!
लपलेल्या दगडीत दूध दिसायला अगदी चांगलं असतं, फक्त कमी होत जातं. 1957मध्ये शाल्म आणि नूरलँडर यांनी कॅलिफोर्नियात सोपी चाचणी शोधली: दुधात साबणासारखं द्रावण मिसळायचं. दुधात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर त्या फुटून मिश्रण चिकट, बुळबुळीत होतं. आपल्याकडे धुण्याच्या पावडरीच्या 3 टक्के द्रावणानेही हे तपासतात. तपासलेलं दूध मात्र फेकून द्यायचं.

सेंद्रियचे दोन न्याय
अमेरिकेत सेंद्रिय कळपातल्या गाईला अँटिबायोटिक दिलं की ती त्या कळपातून कायमची बाद. युरोपीय संघात उपचारांना मर्यादित परवानगी आहे, पण दूध विकण्याआधीची थांबण्याची मुदत दुप्पट पाळावी लागते.

दही सांगतं गुपित
अँटिबायोटिकचा अंश दुधात राहिला तर विरजणातले जंतू वाढत नाहीत आणि दही नीट लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत औषध दिलेल्या गाईचं दूध डेअरीला घालू नये आणि आपल्या घरातल्या लेकरांनाही देऊ नये.

मुक्त गोठ्याची अट
महाराष्ट्रात मुक्त संचार गोठे वाढत आहेत. गाय आपल्या मर्जीने कोरडी जागा शोधून बसते, हा त्यांचा मोठा फायदा. पण पावसाळ्यात त्याच गोठ्यात चिखल साचला तर फायदा संपला. उंचवटा, निचरा आणि कोरडी बसायची जागा हवीच.

अर्ध्या तासाची राखण
धार काढल्यावर सडाचं तोंड पुरतं मिटायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात गाय शेणात बसली की जंतू थेट आत. त्यामुळे धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवा आणि लगेच गव्हाणीत ताजी वैरण टाका. खाताना गाय उभी राहते. गाई पाच असोत की पाचशे, त्यासाठी जास्तीची वैरण लागत नाही, फक्त तिची वेळ बदलते. आज संध्याकाळच्या धारेपासून सुरुवात करा.