कर्बवायू मुरवणारा सातपुड्याचा कातळ

राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेले अक्कलकुवा तालुक्यातले काठी गाव सातपुड्याच्या ज्या डोंगरांत वसले आहे, ते सगळे बेसॉल्टचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा काळा कातळ तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हवामानबदलाशी झुंजणाऱ्या शास्त्रज्ञांचे त्याच्याकडे लक्ष गेले, ते त्याच्या अंगच्या एका रासायनिक गुणामुळे.

कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, पाण्यात विरघळला की पाणी आम्लधर्मी होते. हे पाणी बेसॉल्टच्या भेगांत आणि पोकळ्यांत शिरले, की खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सुटे होऊन कार्बोनेटशी जोडले जाते. वायूचा अक्षरशः दगड होतो. निसर्ग हे काम फार पूर्वीपासून करत आला आहे. जळगाव, नाशिककडच्या खाणींत बेसॉल्टच्या पोकळ्यांतून झिओलाइटसोबत कॅल्साइटचे जे सुंदर स्फटिक निघतात, त्यांत कार्बन असाच बंदिस्त आहे.

प्रश्न वेगाचा होता. याला शेकडो वर्षे लागतील, असा अनेकांचा अंदाज होता. आइसलँडमध्ये हेलिशेइदी भूऔष्णिक केंद्राजवळ ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू जमिनीखाली सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे खनिज झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात वायू साठवला जातो. तिथे वरच्या अभेद्य थरावर भिस्त ठेवावी लागते. बेसॉल्टमध्ये दगड झालेला वायू निसटण्याची धास्ती जवळजवळ उरत नाही.

मग सातपुड्यात का नको? पहिली अडचण पाण्याची. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. वर्षाला १० लाख टन वायू मुरवायचा तर अडीच कोटी टन पाणी, म्हणजे जवळजवळ ०.९ टीएमसी (अब्ज घनफूट)! उन्हाळ्यात हंड्यासाठी डोंगर उतरणाऱ्या पाड्यांसमोर हा आकडा मांडणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू पाण्याविना, दाबाखाली बेसॉल्टमध्ये सोडला गेला आणि त्याचेही कार्बोनेट झाले. आपल्यासाठी हीच वाट जास्त अभ्यासण्याजोगी आहे.

दुसरी अडचण भूगर्भाची. धुळे-नंदुरबार पट्ट्यात लाव्ह्याच्या थरांना छेदत गेलेले असंख्य डाइक आहेत, भिंतींसारखे उभे. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. असा डाइक कुठे भूजल अडवतो, तर कुठे त्याच्या कडेच्या भेगांतून ते वाहते. खाली सोडलेला वायू कुठे जाईल, हे खोल विंधनविवरे घेतल्याशिवाय कळणार नाही. कोयनेत भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विवर घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. सातपुड्यातही तसेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय जलाशयाच्या पाण्याने भूगर्भातला ताण ढळून भूकंप होतात, हेही कोयनेनेच शिकवले. द्रव किंवा वायू दाबाने खाली ढकलताना ते विसरून चालणार नाही.

आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या तंत्रज्ञानावर राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आहे. तरीही जगात दरवर्षी जीवाश्म इंधनांतून सुमारे ३,७०० कोटी टन वायू बाहेर पडतो आणि पकडला जातो जेमतेम ५ कोटी टन. त्यामुळे कोळसा जाळत राहण्याचा परवाना म्हणून या तंत्राकडे पाहणे धोक्याचे आहे. सिमेंट, पोलाद अशा उद्योगांच्या उरलेल्या वायूसाठी ते राखून ठेवावे.

आणि अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठाने सरदार सरोवरात गावे बुडताना पाहिली आहेत. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी प्रदेश आहे. इथे ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पहिल्या चाचणी-विवराची जागा ठरवण्याआधी भूकंपाचा धोका, झऱ्यांवरचा परिणाम आणि पाण्याचा हिशेब भिली बोलीत ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे, आणि ग्रामसभा नाही म्हणाली तर विवर दुसरीकडे घेतले पाहिजे.