परवडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा मागोवा

ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कडक बंधने आली आणि नाशिकच्या परवानाधारकापुढे दोनच वाटा उरल्या. जुने विलायती रिव्हॉल्व्हर दुसऱ्या परवानाधारकाकडून भरमसाट किंमत मोजून घ्यायचे, नाही तर सरकारी कारखान्याचे पॉइंट बत्तीस घ्यायचे. बेताच्या ऐपतीच्या माणसांनी दुसरी वाट धरली, मीही धरली.

वेब्लीच्या जुन्या आराखड्यावर बेतलेले हे हत्यार. सहा गोळ्या, जेमतेम तीन इंची नळी; कळ दाबली की मधून उघडते आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. झटका सौम्य, पण चाप जड. नुसता चाप ओढून गोळी झाडली तर नेम हमखास ढळतो. पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर थोडे, त्यामुळे मनगट किंचित हलले तरी लक्ष्यावर मोठी चूक दिसते. घोडा चढवून, श्वास सांभाळून चाप सावकाश ओढला, तर हेच रिव्हॉल्व्हर जवळच्या अंतरावर गोळ्या नीट एकत्र टाकते. स्वस्त शस्त्र वाईट नसते. ते नेमबाजाकडून जास्त कष्ट मागते.

पुढे पर्याय वाढले. २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ आले: टायटॅनियम मिश्रधातूचे, वजन सुमारे अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, पण ही किंमत किती नोकरदार महिलांना झेपणार होती? इशापूरचे पॉइंट बावीसचे ‘निडर’ सुमारे ३५ हजारांत आणि २५० ग्रॅम वजनात आले. २०२० मध्ये वेब्लीचे रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातल्या हरदोईत बनू लागले. किंमत सुमारे १ लाख ६० हजार. २०२३ मध्ये कानपूरने ‘प्रबल’ आणले. वर जीएसटी होताच. ‘परवडणारे’ म्हणावे असे फार थोडे उरले.

नियमही बदलले. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याचा शिरस्ता मात्र कायम आहे.

या साऱ्या काळात नाशिकला खरे शहाणपण दिले ते भीष्मराज बाम यांनी. निवृत्त पोलीस अधिकारी, स्वतः नेमबाज आणि क्रीडा मानसतज्ज्ञ असलेल्या बामसरांनी मनाच्या एकाग्रतेला शस्त्राच्या किमतीहून मोठे मानले. त्यांच्या तालमीतल्या मोनाली गोऱ्हे यांनी पिस्तुल प्रशिक्षक म्हणून तेच काम पुढे नेले. २०१७ मध्ये बामसर गेले, २०२१ मध्ये कोविडने मोनालीताईंना नेले. नाशिकच्या नेमबाजीची ही हानी भरून निघणारी नाही.

इतक्या वर्षांनंतर माझे मत ठाम आहे. रिव्हॉल्व्हरची किंमत एकदाच मोजावी लागते. काडतुसे, सराव आणि जबाबदारी यांची किंमत आयुष्यभर. सराव न करता कपाटात ठेवलेले शस्त्र घराचे रक्षण करत नाही, उलट धोका वाढवते. ज्यांना नेमबाजीची ओढ आहे त्यांनी आधी क्लबात एअर पिस्तुल हाती घ्यावे. ज्यांच्याकडे परवाना आहे पण सरावाला वेळ नाही, त्यांनी शस्त्र रीतसर परत करावे.