चार मार्कर आणि एक टेप

मुलं बुटांच्या नाड्या बांधत होती तेव्हा प्रशिक्षक टेप लावून मैदान मोजत होते. 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद, चार कोपऱ्यांत चार मार्कर. चार विरुद्ध चार, गोलकीपर नाहीत, चार मिनिटांचा डाव. हंगाम सुरू व्हायच्या आधीची कोल्हापुरातली सकाळ, आणि खेळणारी मुलं सोळा-सतरा वर्षांची.

शिट्टी वाजली. 600 चौरस मीटरमध्ये आठ जण, म्हणजे माणशी 75 चौरस मीटर. पूर्ण मैदान 105 बाय 68 मीटरचं धरलं आणि दोन्ही गोलकीपर सोडले, तर वाट्याला साधारण 357 येतात. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. चेंडू पायाशी येतो न येतो तोच कुणीतरी अंगावर आलेलं असतं. पाच-सहा मीटर पळालं की रेघ, लगेच ब्रेक, अंग वळवायचं, पुन्हा झेप. पूर्ण वेग कुणालाच गाठता येत नाही. पण हे थांबणं आणि वळणं फुकटचं नसतं. त्याचा सगळा ताण मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि जांघेत येतो. लहान मैदान म्हणजे हलका सराव, असं मानणाऱ्यानं अशा डावात बुटांखालची माती कशी उडते ते एकदा जवळ उभं राहून बघावं.

थोडी विश्रांती झाली आणि मार्कर सरकले. आता 40 बाय 30, माणशी 150. तीच मुलं, तोच चेंडू, पण चेहरामोहराच वेगळा. डावीकडच्या सडपातळ मुलाला मोकळी जागा दिसली आणि त्याची टांग पहिल्यांदा लांब पडली. पास चुकला, तेवढंच अंतर त्याला उलटं धावावं लागलं. चेंडूला हात-दोन हात लांबून वळसा घालणं इथे चालत नाही. जागा भरायला पळावंच लागतं. डाव संपला तेव्हा बहुतेकांचे हात गुडघ्यांवर होते.

जास्त जड कुठलं गेलं, असं विचारलं. बहुतेकांनी दुसऱ्या डावाकडे बोट दाखवलं. मधल्या फळीत खेळणारा एक ठेंगणा मुलगा मात्र म्हणाला, "मोठ्यात पळायला लागतंय, पण बारक्यात हुबंच ऱ्हाता येत न्हाई."

त्यानं एका वाक्यात सांगितलेलं कासामिचाना आणि कास्तेयानो या स्पेनच्या संशोधकांनी 2010 मध्ये मोजून मांडलं आहे. तरुण खेळाडूंना त्यांनी पाच विरुद्ध पाच असं तीन आकारांच्या मैदानांवर खेळवलं. गोलकीपर सोडून माणशी साधारण 75, 175 आणि 275 चौरस मीटर. मैदान वाढलं तसं धावणं वाढलं, हृदयाचे ठोके वाढले, श्रमही जास्त जाणवले. मैदान आवळलं तसं चेंडू अडवणं, ताब्यात घेणं, ड्रिबल करणं, गोलावर फटके मारणं वाढलं. त्याआधी 2007 मध्ये इटलीच्या राम्पिनिनी आणि सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती: प्रशिक्षक बाहेरून सतत पेटवत राहिला की त्याच मैदानावरचा श्रमही चढतो. त्या सकाळी "चल, चल, मागं ये!" ही हाक थांबली की खेळ लगेच सैल पडत होता.

हंगाम सुरू झाला की हे प्रशिक्षक दोन्ही आकार एका दिवशी ठेवत नाहीत. रविवारी सामना असेल तर बुधवारी लहान मैदान, गुरुवारी मोठं. शुक्रवारपासून भार उतरता. मला ही आखणी पटते, कारण रोज एकाच प्रकारचा मार बसला तर तेच स्नायू कधी सावरत नाहीत.

पण 40 बाय 30 मध्येसुद्धा एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे खरा स्प्रिंट. ताशी 25 किलोमीटरच्या वर जायचं तर पुढे सरळ वीस-तीस मीटर मोकळे लागतात, आणि समोर रेघ दिसत असताना कुणी तेवढा पाय सोडत नाही. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो बहुतेक वेळा अशाच पूर्ण वेगात फाटतो. ज्या पायांनी आठवडाभर तो वेग पाहिलाच नाही, त्यांच्याकडून रविवारी तो मागणं धोक्याचं आहे. मुंबई-पुण्यात भाड्याच्या, जाळीबंद टर्फवर वाढणाऱ्या मुलांची मला म्हणूनच काळजी वाटते. त्यांचा पहिला स्पर्श सुरेख असतो, दबावात डोकं शांत असतं. मोठ्या मैदानावर मात्र पाठीमागे टाकलेल्या चेंडूवर पळायची वेळ आली की त्यांचे पाय अनोळखी कामाला लागतात.

मुलांना शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे: एक टेप विकत घ्या. रोजच्या वहीत मिनिटांच्या शेजारी मैदानाची लांबी-रुंदी आणि खेळाडूंची संख्या लिहा. आणि पूर्ण मैदान मिळत नसेल, तर आठवड्यातून एकदा तरी मुलांना शाळेच्या पटांगणावर नेऊन तीस-चाळीस मीटर सरळ, पूर्ण वेगात पळू द्या.